मागं कोण हाय? पाठीराखा, कैवारी, वाली : सीमाभागातल्या राखणदार शब्दांचा आढावा

निपाणी, संकेश्वर, चंदगडकडच्या मराठीत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. कुणी कचेरीत अर्ज घेऊन निघालं, निवडणुकीला उभं राहिलं, भावकीच्या वादात कोर्टाची पायरी चढलं, की म्हातारी माणसं विचारतात, ‘त्याच्या मागं कोण हाय?’ पैसे किती, वकील कोण, हे प्रश्न नंतरचे. आधी मागचा माणूस कोण ते कळलं पाहिजे. आधार देणाऱ्याची, राखणाऱ्याची जागा मागे असते हे या प्रश्नात गृहीत धरलेलं आहे, आणि मराठीतला त्यासाठीचा सर्वांत जिव्हाळ्याचा शब्द, पाठीराखा, हेच सांगतो.

बेळगाव-निपाणी पट्ट्यात असे शब्द मराठी, कन्नड, अरबी-फारसी आणि संस्कृत अशा चारही वाटांनी आले आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नामुळे भाषेच्या नावानं इथं इतकी भांडणं झाली, की या शब्दांनी एकमेकांचा हात धरलेला आहे हे सहसा कुणी पाहत नाही. म्हणून हा आढावा मी मुद्दाम याच पट्ट्यातून घेतो आहे.

पाठीराखा या शब्दाची फोड सोपी आहे. पाठ आली संस्कृत पृष्ठ या शब्दावरून आणि राखणं आलं रक्ष् या धातूवरून, प्राकृत रक्ख या रूपातून. इथं एक सावधगिरी हवी. मराठीत पाठ या ध्वनीचे तीन निरनिराळे उगम एकत्र आले आहेत. शाळेतला पाठ ‘पठ्’ धातूचा. पाठवणं आणि त्यावरून नवरीची पाठवणी हे शब्द ‘प्रस्थापय्’ म्हणजे प्रस्थान करवणं यातून आले. अंगाची पाठ तेवढी पृष्ठापासून आलेली. तेव्हा पाठवणी आणि पाठीराखा यांचं नातं कानाला वाटतं तेवढं जवळचं नाही. पाठबळ, पाठिंबा, पाठराखण, पाठपुरावा हे शब्द मात्र अंगाच्या पाठीचे.

राखणं या क्रियापदाचा संसारही मोठा आहे. आपण शेत राखतो, मान राखतो, शब्द राखतो, अंतरही राखतो. राखी पौर्णिमेची राखी याच कुळातली आणि नोकरीतली राखीव जागाही. संस्कृत रक्षा या एकाच शब्दाला कोशांत संरक्षण आणि भस्म असे दोन्ही अर्थ मिळतात. आपण रक्षाविसर्जन म्हणतो तेव्हा दुसरा अर्थ वापरतो. लेकराच्या कपाळाला अंगारा लावणाऱ्या आजीच्या बोटावर हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले असतात.

आता कन्नडकडे वळू. कन्नडमध्ये पाठ म्हणजे बेन्नु. समासात त्याचं बेन् होतं. बेन् आणि बल मिळून झालं बेंबल, म्हणजे पाठिंबा. समर्थकाला म्हणतात बेंबलिग. आपल्या पाठबळ या शब्दाशी ही जोडणी ताडून पाहावी: पाठ आणि बळ, बेन् आणि बल. दुसरी जोडी याहून नेमकी आहे. कावलु म्हणजे राखण, पहारा. बेन् आणि कावलु जोडताना संधीनं क चा ग होतो आणि शब्द बनतो बेंगावलु. मंत्र्यांच्या मोटारीमागं धावणाऱ्या पोलीस गाडीला कन्नड वर्तमानपत्रं बेंगावलु वाहन म्हणतात. हा बेंगावलु म्हणजे तुकड्याला तुकडा लावून केलेला पाठीराखाच. पाठीत सुरा खुपसणं हा प्रयोगही दोन्हीकडे तसाच आहे. कन्नडमध्ये ‘बेन्निगे चूरी हाकु’ म्हणतात.

एका भाषेनं दुसरीकडून हे शब्द उचलले असं मी म्हणत नाही. प्रत्येकीनं आपल्याच घरातलं साहित्य वापरलं आहे. बांधकामाचा नकाशा मात्र एक आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमधल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींचा अभ्यास 1971 मध्ये प्रसिद्ध केला. शेकडो वर्षं शेजारी राहून या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली होती, की एका बोलीतल्या वाक्याच्या जागोजागी दुसरीचे शब्द ठेवले तरी वाक्य उभं राहावं. जगभरच्या भाषाशास्त्रात आजही दाखला दिला जाणारं हे काम आपल्या उंबऱ्यावर झालं. त्याच्या कितीतरी आधी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे कन्नड संशोधक शं. बा. जोशी यांनी मराठी आणि कन्नड संस्कृतींच्या एकत्र मुळांचा प्रश्न हयातभर लावून धरला आणि ‘मऱ्हाटी संस्कृती’ हा ग्रंथ थेट मराठीत लिहिला.

पाठीराखा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यापुढं भाऊ येतो. जात्यावरच्या ओव्यांनी हा शब्द भावाला वाहिलेला आहे. या शब्दाची एक बहीण मात्र आता विस्मरणात चालली आहे: पाठराखीण. नवरी पहिल्यांदा सासरी जाताना तिच्यासोबत माहेरची एक बाई पाठवत. थोरली बहीण, आत्या, कधी आजी. ती चार दिवस राहायची, नवरीच्या शेजारी झोपायची, तिला नव्या घरातलं पाणी कुठं, परसाकडची वाट कोणती ते दाखवायची. मुलगी कानडी घरात दिली असेल तर या बाईची निवड आणखी जपून व्हायची, कारण तिला दोन्ही भाषा आल्या पाहिजेत. सासूचं बोलणं नवरीला आणि नवरीचं गप्प राहणं सासूला समजावून सांगायचं काम तिच्याकडे. या संपूर्ण शब्दकुळातला मला सर्वांत मोलाचा शब्द हाच वाटतो. भावाचं पाठीराखेपण ओवीत जपलं गेलं. पाठराखिणीनं ते चार रात्री जागून निभावलं.

कैवार हा शब्द वेगळ्या घरातला. त्यातला कै हा द्राविड भाषांतला हात. कन्नडमध्ये कैवार म्हणजे स्तुती, भाटानं केलेलं गुणगान. तेलुगूतही हाच अर्थ. त्याच कन्नडमध्ये कैवार म्हणजे वर्तुळ काढायचा कंपास. बेळगावच्या कन्नड शाळेतला मुलगा दप्तरात कैवार घेऊन जातो आणि शेजारच्या मराठी शाळेतला मुलगा इतिहासाच्या तासाला ‘दीनांचा कैवारी’ म्हणजे काय ते लिहितो. मराठीत कैवार म्हणजे बाजू घेणं. स्तुतीपासून बाजू घेण्यापर्यंतचा प्रवास मला असा झालेला दिसतो: ज्याचं गुणगान करायचं त्याच्यासाठी बोलायचं, आणि त्याच्यासाठी बोलायचं म्हणजे त्याच्या बाजूनं भांडायचं. माझा हा तर्क मान्य केला तर पाठीराखा आणि कैवारी यांतला फरकही उलगडतो. पाठीराखा मागे उभा असतो, त्याला बोलावं लागत नाही. कैवाऱ्याचं सगळं काम तोंडाचं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मराठी पत्रांनी हे कुळ आपल्या नावांतच घेतलं. सत्यशोधकांच्या ‘दीनबंधु’नं 1877 मध्ये वाट घालून दिली, मुकुंदराव पाटलांचा ‘दीनमित्र’ त्याच वाटेनं गेला आणि दिनकरराव जवळकरांनी आपल्या पत्राला ‘कैवारी’ हेच नाव दिलं. बंधू, मित्र, कैवारी. वाचकाशी कोणतं नातं जोडायचं ते मथळ्यावर लिहिलेलं असे.

अरबी-फारसीतून आलेल्या शब्दांकडे थोडक्यात पाहू. ‘त्याला कुणी वाली नाही’ यातला वाली अरबी, म्हणजे पालक, सांभाळणारा. संताला वली म्हणतात तो त्याच मुळाचा. रामायणातल्या वालीशी याचा संबंध नाही. उत्तर कर्नाटकातल्या वालीकार या गावकामगाराशीही नाही. तो ओलेकार, ताडपत्रावरचा निरोप म्हणजे ओले वाहून नेणारा; ओ चा वा होऊन वालीकार झाला आणि पुढं आडनावही बनला. तरफदार हा अरबी तरफ म्हणजे बाजू आणि फारसी दार यांचा जोड. बाजू हा शब्द स्वतः फारसी आणि तिथं त्याचा अर्थ दंड, बाहू. तेव्हा कन्नडचा हात कैवारात आला, फारसीचा दंड बाजूत आला, आपली पाठ पाठीराख्यात आली आणि लेकराला कडेवर घेतात ती कड ‘कड घेणं’ या प्रयोगात आली. मदतीची कल्पना या मुलखानं आपल्या अंगावरूनच बेतली.

युरोपातली कल्पना घराकडे आणि ओझ्याकडे जाते. सपोर्ट या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ खालून उचलून धरणं. प्रोटेक्टमधलं मूळ झाकण्याचं, छपराचं. पेट्रन हा शब्द तर बापावरूनच आला. आपल्याकडे छपराची जागा छत्रानं घेतली: छत्रछाया, छत्रपती. संस्कृतानं दिलेला पुरस्कर्ता उलट्या दिशेचा आहे. पुरस् म्हणजे पुढे, पुरस्कार म्हणजे पुढे करणं. दुसऱ्याला पुढे करणारा तो पुरस्कर्ता आणि दुसऱ्याच्या मागे उभा राहणारा तो पाठीराखा. माणूस दोन्हीकडे एकाच जागी असतो, शब्द मात्र दोन दिशांनी त्याच्यापर्यंत पोहोचतात.

इथवर भावनेचे आणि राजकारणाचे शब्द झाले. ज्यांचं पोटच राखणीवर चालत होतं त्यांचे शब्द अधिक जुने आहेत, आणि अधिक दुःखाचेही.

सर्वांत ठळक पुरावा दगडाचा. खानापूर, हुक्केरी, चंदगड या बाजूच्या गावांत मारुतीच्या देवळापुढं कोरलेले उभे दगड दिसतात. खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला वर नेत आहेत, वर शिवलिंगापुढं बसलेला वीर. आपण त्यांना वीरगळ म्हणतो. यातला गळ कन्नड कल् म्हणजे दगड. वीरगल्लु याचंच हे मराठी रूप. गावची गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्यांचे असे दगड अनेक आहेत. नावं बहुतेकांची गेली. मराठी माणूस या दगडाला शेंदूर लावतो आणि कानडी माणूस त्याच दगडाला हळदकुंकू वाहतो.

दुसरा शब्द तळवार. कन्नड गावात तळवार म्हणजे पहारेकरी. याचं कूळ फार मागं जातं. नागार्जुनकोंड्याच्या इक्ष्वाकूंच्या तिसऱ्या शतकातल्या लेखांत महातलवर ही मोठ्या अधिकाऱ्याची पदवी आहे. प्राकृतात तलार म्हणजे नगर राखणारा. मराठीतला तराळ याच तलाराचा, अक्षरं उलटसुलट झालेला वारस दिसतो. राजाजवळच्या पदवीपासून निघालेला हा शब्द गावाच्या वेशीबाहेर येऊन थांबला. तराळकी महारांकडे होती. त्यानं गावाला दवंडी द्यायची, परक्या माणसावर नजर ठेवायची, सरकारी सामान वाहायचं, रात्री जागायचं. त्यानं गाव राखलं आणि गावानं त्याला गावकुसाबाहेर ठेवलं. शंकरराव खरातांनी आपल्या आत्मकथनाला ‘तराळ-अंतराळ’ हे नाव दिलं ते या शब्दाचं सगळं वजन ओळखून. एप्रिल 1925 मध्ये निपाणीला बहिष्कृतांची परिषद भरली, तिथं बाबासाहेब आंबेडकर आले होते. पुढं 1928 मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात वतनांच्या सुधारणेचं विधेयक मांडलं. राखणदारीचं वतन ही राखणदाराच्याच पायातली बेडी आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

बेरड समाजाची गोष्ट याच्या शेजारची. बेळगाव भागात किल्ले आणि गावं राखण्याचं काम त्यांच्याकडे होतं. इंग्रजी अंमलात तीच माणसं संशयित ठरली. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ या आत्मकथनात चोरीच्या आळाखाली या समाजाचा झालेला छळ लिहिला आहे. त्यांचं आडनाव पाहावं. फारसी गश्त म्हणजे फेरी, पहाऱ्याची फेरी. गस्त घालणारा तो गस्ती. ज्यांच्या आडनावात पहारा आहे त्यांना चोर ठरवलं गेलं. सीमाभागातल्या मराठीत राखणदारीच्या शब्दांवर याहून धारदार पुस्तक मला ठाऊक नाही. भाषेच्या अभ्यासासाठीही ते वाचायला हवं.

आणि मग शेतसनदी. शेत मराठी, सनद अरबी, आणि शब्द रुळला तो कन्नड मुलखात. जमीन कसायची आणि तिच्या बदल्यात शिपाईगिरी, पहारा करायचा, अशी ही चाकरी. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शेतसनदी संगोळ्ळी रायण्णा हा या शब्दाचा सर्वांत मोठा धनी. 1824 मध्ये कित्तूरनं इंग्रजांना हरवलं, मग संस्थान पडलं, आणि 1830 च्या सुमारास रायण्णानं पुन्हा बंड उभारलं. 26 जानेवारी 1831 रोजी त्याला खानापूर तालुक्यातल्या नंदगडला फाशी दिलं. नंदगडची बाजारपेठ आजही मराठीत बोलते आणि कन्नडमध्ये हिशेब करते, किंवा उलट. रायण्णाच्या पुतळ्यांवरून बेळगावात अलीकडे तणाव झाले. तो कुणाचा, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच्या हुद्द्याचा शब्द एकदा सुटा करून पाहावा.

आता चालू काळ. 17 जानेवारी 1956 रोजी बेळगावात सीमाप्रश्नावर गोळीबार झाला; तो दिवस दरवर्षी हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला हा भाग म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला. महाराष्ट्रानं 814 गावं आणि बेळगाव, निपाणी, कारवार ही शहरं मागितली. 1966 मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्यानं पुढच्या वर्षी बेळगाव कर्नाटकात ठेवून निपाणी, खानापूर, नंदगडसह काही गावं महाराष्ट्राला द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्राला ते पटलं नाही आणि काहीच हललं नाही. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

या काळात सीमाभागातल्या मराठी माणसानं पाठीराखा हा शब्द जितक्या वेळा मुंबईकडे तोंड करून उच्चारला, तितक्या वेळा तो कुठं उच्चारला गेला नसेल. उत्तरादाखल कैवारी पुष्कळ मिळाले. निवडणुकीच्या आधी, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या आसपास, मेळाव्याच्या व्यासपीठावर भाषणं झाली. पलीकडे कन्नड संघटनांच्या नावांत रक्षण हा शब्द आला. दोन्ही बाजूंच्या फलकांवर आधारस्तंभ आणि अभिमानी यांची दाटी झाली. कन्नडमध्ये अभिमानी म्हणजे चाहता, समर्थक. मराठीत एकटा अभिमानी म्हणजे गर्विष्ठ, पण भाषाभिमानी म्हटलं की आपणही कन्नड अर्थाशी जाऊन बसतो.

या सगळ्या गलक्यात 1981 चं निपाणी मला वेगळं दिसतं. तंबाखूचा भाव व्यापाऱ्यांच्या हातात, आणि शेतकरी वर्षभर राबून त्यांच्या दारात उभा. मार्चच्या मध्यात शरद जोशी आणि निपाणीचे सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडून बसले. मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते, त्यांच्या बायका-पोरंही होती. तीनेक आठवडे रस्ता अडला. 6 एप्रिलला गोळीबार झाला आणि 12 शेतकरी मारले गेले. त्या रस्त्यावर कोण कुणाच्या मागं उभं होतं हे भाषेवरून ठरलं नव्हतं. याच गावातल्या तंबाखू वखारींत खोकत काम करणाऱ्या बायकांवर अनिल अवचटांनी लिहिलं आणि त्या बायकांनी पुढं आपली संघटना बांधली. त्यांच्या मागं त्याच होत्या.

माझं मत यावरून बनलं आहे. कैवारी हा शब्द आपण फार स्वस्त केला. व्यासपीठावर बोलणाऱ्याला तो खुशाल द्यावा, त्याच्या मुळात स्तुती आहेच. पाठीराखा मात्र जपून वापरावा. ज्यानं खटल्याच्या तारखेला सोबत केली, शाळेतली मराठी वही तपासून दिली, लाठीमारात खांद्यावर हात ठेवला, त्याच्यासाठी तो राखून ठेवावा. वर्तमानपत्रांनी ‘मंत्र्यांनी अधिकाऱ्याची पाठराखण केली’ असं लिहिणंही थांबवावं. त्या कृत्याला मराठीत पाठीशी घालणं म्हणतात, आणि तो शब्द पुरेसा स्पष्ट आहे.

मोल्सवर्थनं मराठी कोश 1831 मध्ये काढला, किटेलनं कन्नड कोश 1894 मध्ये. दोघेही बाहेरून आलेले. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशानं पुढं मोठी भर घातली. पण सीमाभागातल्या बोलींचा, मराठी आणि कन्नड शब्द शेजारी ठेवून दाखवणारा जोडकोश हवा तसा अजून हाती नाही. कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्यात फार अंतर नाही. दोघांनी मिळून हे काम घ्यावं. तोवर वाचकांनी एवढं करावं: घरात पाठराखीण होऊन गेलेली, तळवाराची हाक ऐकलेली, शेतसनदीची जमीन पाहिलेली म्हातारी माणसं असतील, तर त्यांच्याजवळ बसून ते शब्द त्यांच्याच उच्चारात, गावाचं नाव आणि तारीख घालून लिहून ठेवावेत. ही माणसं आता थोडीच उरली आहेत.